मागचे दोन स्पीकर

आमच्या घरात अण्णा आणि आई एकमेकांशी थेट बोलत नसत, आणि यात काही वेगळं आहे हे मला बरीच मोठी होईपर्यंत कळलंच नव्हतं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. पद्धतच तशी होती. मुरगूडच्या घरात आम्ही पंधरा-सोळा माणसं. अण्णांना चहा हवा असला की ते सोप्यात बसून, समोर जो कोणी असेल त्याला म्हणायचे, "आत सांगा, च्या हुईल काय म्हणून." आत आईला ते अर्थातच ऐकू गेलेलं असायचं, आधणही ठेवून झालेलं असायचं, पण तरी कोणीतरी आत जाऊन ते सांगायचं आणि मग आई म्हणायची, "व्हय म्हणावं, ठेवलाय." थोरली काकू, आत्या, गड्याची बायको, शेजारची म्हातारी, आम्ही पोरं, कोणीही निरोप्या चालायचा. नवरा-बायकोनं चारचौघांत तोंडाला तोंड लावून बोलायचं नाही, हे तिथं कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी मोडतही नव्हतं. माझी आई अण्णांवर रागावली तर तो रागसुद्धा काकूला उद्देशून बोलून दाखवायची, आणि अण्णा ओट्यावर बसून तो निमूटपणे ऐकून घ्यायचे.

मग अण्णांची कोल्हापूरच्या ऑफिसात बदली झाली आणि मला तिथंच इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला. राजारामपुरीच्या पलीकडं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, हॉल आणि एक चिंचोळी बोळवजा जागा, असा आमचा फ्लॅट. हॉल एका टोकाला, स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला आणि मधे ती बोळ. या बोळेतून मी दिवसातून किती वेळा ये-जा केली असेल याचा हिशोब नाही. सोळा माणसांनी वाटून केलेलं काम आता माझ्या एकटीवर आलं होतं. "वैजे, आईला सांग, आज आमटीत मीठ कमी हाय." "वैजे, तुज्या अण्णांस्नी सांग, मीठ बाजूला ठेवलंय, घ्या म्हणावं." ते मीठ अण्णांच्या ताटाशेजारीच असायचं. मला यात काही त्रास वाटत नव्हता. खरं सांगायचं तर थोडा मानच वाटायचा, कारण माझ्यावाचून त्या घरात पान हलत नव्हतं. पण सकाळी मी कॉलेजला जायची ती संध्याकाळी यायची. सुट्टीच्या दिवशीही मैत्रिणी असायच्या, प्रॅक्टिकलच्या वह्या असायच्या. मी नसताना घरात काय होत असेल, याचा विचार मी एकदाही केला नाही. आता करते, आणि डोळ्यांसमोर येतं ते एवढंच, की ऑफिसाला जाईपर्यंत अण्णा हॉलमध्ये पेपर वाचताहेत, आई आत भाकरी थापतेय, आणि मधली बोळ रिकामी आहे.

आई सुकायला लागली हे माझ्या लक्षात आलं ते जेवणावरून. मुरगूडला तिच्या हातचा खर्डा खाऊन माणसं डोळ्यांतून पाणी काढायची आणि परत मागायची. इथं खर्ड्याचा ठसका दोनदा जिभेला लागला की संपला, इतका तो मिळमिळीत व्हायला लागला. रविवारचा तांबडा रस्सा व्हायचा, पण त्यावर तवंग नसायचा. मी विचारलं तर म्हणायची, "कुणासाठी झणझणीत करायचं? खानारं तोंड मिटून खातंय." सुट्टीच्या दुपारी ती गॅलरीत उभी राहून खालच्या रस्त्याकडं बघायची. खाली माणसं होती, रिक्षा होत्या, भाजीवालाही ओरडत जायचा. तरी ती म्हणायची, "हितं कानाला काय लागंना बघ." मला हे काही समजायचं नाही. शहरात आवाज कमी आहेत, असं म्हणणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते.

भाद्रपद संपत आला होता. एका सकाळी मी केस विंचरत होते आणि आई भाकरीचं पीठ मळत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "तुज्या अण्णांस्नी सांग, दसरा झाला की मी मुरगूडला जाते."

मी बोळ ओलांडून हॉलमध्ये गेले आणि सांगितलं. अण्णांनी पेपर खाली घेतला. "किती दिवस म्हणून इचार."

मी परत आत. आई म्हणाली, "दिवसाचं काय न्हाय म्हणावं. थोरल्या जाऊबाईंनी म्हशी सांभाळाय बोलावलंय. तुझं कॉलेज झालं की बघू."

म्हणजे तीन वर्षं. मी पुन्हा हॉलमध्ये आले. अण्णा माझ्याकडं बघत होते. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "बरं म्हणावं." मला इतका राग आला की मी ते "बरं" आत नेलंच नाही. पण आईनं ते ऐकलं असणारच. त्या दिवशी कॉलेजात मला काही सुचलं नाही. घरात कोणी कोणाला मारलं नव्हतं, अण्णा पीत नव्हते, सासू नव्हती, जाच नव्हता, मग माझी आई घर सोडून का चालली होती? आणि अण्णा तिला अडवत का नव्हते? आई गेली की त्या फ्लॅटमध्ये मी आणि अण्णा उरणार, संध्याकाळी दार उघडल्यावर आतून भाकरीचा वास येणार नाही, एवढंच मला कळत होतं, आणि त्याची मला फार भीती वाटत होती.

दोन-तीन दिवसांनी अण्णा ऑफिसातून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "वैजे, आपुन होम थेटर घ्यायचं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून आलंय यावर माझा विश्वास बसला नाही. आमचे अण्णा म्हणजे टीव्हीवर बातम्या लागल्या की आवाज बारीक करणारा माणूस. सिनेमाला कधी गेले तर मध्यंतरात झोपून जायचे. "कशाला?" मी विचारलं. "लोकं घ्यायल्यात की," ते म्हणाले, आणि मग चपला कोपऱ्यात सरकवत, "तुझं शिक्षान तेच हाय न्हवं?" अण्णांची समजूत अशी होती की इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला म्हणजे मी रेडिओपासून रॉकेटपर्यंत सगळं जोडू शकते. मला त्या वेळी फक्त रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या वाचता येत होत्या, त्याही पुस्तक जवळ असलं तर. मला वाटलं, आई जाणार म्हणून ते आत्तापासूनच आपल्या करमणुकीची सोय करताहेत. हा विचार मनात आला आणि अण्णांचं तोंड बघावंसं वाटेना.

तरी गेले त्यांच्याबरोबर. लक्ष्मीपुरीतल्या एका गल्लीत शौकतभाईंचं दुकान होतं. तिथं कंपनीचा तयार सेट नसायचा. अ‍ॅम्प्लिफायर एका ठिकाणचा, स्पीकर दुसरीकडचे, वूफरचं लाकडी खोकं सुताराकडून केलेलं, असं सगळं जुळवून ते बेताच्या पैशात होम थेटर उभं करून द्यायचे. "या पावणं, बसा," म्हणून त्यांनी आम्हाला दोन खोक्यांवर बसवलं आणि समजावायला सुरुवात केली. पुढं दोन स्पीकर, मधे एक, मागं दोन, आणि धडधडायला एक वूफर. याला म्हणतात फाइव्ह पॉइंट वन. अण्णांनी विचारलं, "पाच समजलं. पॉइंट वन म्हंजे? एक अर्धवट हाय काय?" शौकतभाई म्हणाले, "तसं न्हवं, तो वूफर." "वूफर तर सगळ्यात मोठा हाय की, आनि त्यालाच पॉइंट?" यावर शौकतभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं. पुढं वॅट आले, ओहम आले. शौकतभाई एक आकडा सांगायचे आणि खोक्यावर दुसराच छापलेला असायचा. "छापत्यात तसं," ते म्हणायचे. मी वहीत सगळं लिहून घेत होते आणि त्यातलं काही म्हणजे काही डोक्यात शिरत नव्हतं.

अण्णांनी मात्र एकच गोष्ट ठरवून आणली होती. "लई म्हागाचं नको. पर मागचे जे दोन म्हंता, ते सैपाकघरात लावायचे. तेवढी वायर लांब द्या."

शौकतभाईंना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "पावणं, मागचे म्हंजे तुमच्या पाठीमागं. सोफ्याच्या मागं. तुमी हॉलमधी बसनार आनि स्पीकर सैपाकघरात, मग काय उपेग?"

"तुमी वायर लांब द्या की," अण्णा म्हणाले.

मीही रस्त्यात सांगून पाहिलं. पुस्तकात चित्र होतं, माणूस मधोमध आणि भोवती स्पीकर. अण्णा ऐकून घेत होते आणि स्कूटर चालवत होते. "तिकडं बी आवाज गेला पायजे," एवढंच त्यांचं उत्तर. खालच्या मजल्यावर साठे सर राहायचे, निवृत्त शिक्षक, शास्त्र शिकवायचे. त्यांनी आमची खोकी जिन्यात पाहिली आणि आपण होऊन वर येऊन टेपनं हॉल मोजून दिला, कोन काढून दिले. अण्णांनी त्यांना चहा पाजला, आभार मानले, आणि ते गेल्यावर मला स्टूल धरायला लावून वायर बोळेच्या भिंतीवरून क्लिपा ठोकत ठोकत स्वयंपाकघरात नेली. एक स्पीकर भांड्यांच्या फळीवर बसला, दुसरा चटणीच्या बरण्यांच्या वर. आई भाजी निवडत बसली होती. खिळे ठोकल्यावर भिंतीचा चुना तिच्या मेथीत पडला. तिनं तो फुंकून काढला आणि मला विचारलं, "काय चाललंय म्हणावं?" मी वर बघून विचारलं. अण्णा खिळा तोंडात धरून म्हणाले, "गाणी-बिनी ऐकाय येतील म्हणावं." आई पुन्हा मेथी निवडायला लागली.

आज माझ्या घरात टीव्हीखाली एक लांबट दांडकं आहे, त्यालाच साउंड सिस्टीम म्हणतात. त्याला वायर नाही, खिळा नाही, माझा मुलगा फोनवरून ते चालवतो. तो मला विचारतो की मागचा आवाज पुढच्या दांडक्यातून कसा येतो हे तुला कळतं का, तू तर शिकलीस. मी हो म्हणते. तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही.

पहिला सिनेमा लावला तेव्हा जे झालं ते आठवून मला अजून हसू येतं. जे बोलणं असतं ते सगळं मधल्या स्पीकरमधून, म्हणजे हॉलमध्ये. मागच्या स्पीकरमध्ये येतात ते नुसते आजूबाजूचे आवाज. दार वाजणं, पाऊस, गर्दी, कुत्री. म्हणजे हॉलमध्ये अण्णा आणि मी सिनेमा बघत होतो आणि स्वयंपाकघरात आईला त्यातला एक शब्दही ऐकू न येता फक्त दारं वाजत होती. ती दोनदा पिठाच्या हातानं येऊन बाहेरचं दार उघडून गेली. एका प्रसंगात घोडे आले तेव्हा ती बोळेच्या तोंडाशी येऊन मला म्हणाली, "अगं, माज्या डोक्यावर कायतरी पळतंय." अण्णा रिमोट हातात घेऊन गोंधळून बसले होते. त्यांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग आवाज एकदम वाढला आणि वूफरनं असा दणका दिला की फळीवरची ताटं थरथरली. खालून साठे सर वर आले. "मी सांगितलेल्या कोनात लावलंय का?" त्यांनी दारातूनच विचारलं. अण्णांनी घाईघाईनं आवाज बारीक केला.

त्यानंतर अण्णा रोज संध्याकाळी काहीतरी लावून बघायचे. भजन, नाट्यगीत, कुस्तीच्या मैदानाची सीडी, हलगीसकट. प्रत्येक वेळी मला आत पाठवायचे, "आईला इचार, नीट येतंय काय." आई म्हणायची, "येतंय म्हणावं." तेवढ्यावर संवाद संपायचा. दसरा जवळ येत होता. आईनं पलंगाखालची बॅग काढली होती, त्यात लुगडी घातली होती, माझ्यासाठी चटणीच्या बरण्या भरून ठेवल्या होत्या आणि कुठल्या बरणीत काय हे मला तोंडपाठ करायला लावलं होतं. अण्णांना ती बॅग दिसत नव्हती असं नाही. ती ओलांडूनच ते आंघोळीला जायचे. मी एकदा मनाचा हिय्या करून त्यांना म्हटलं, "अण्णा, आईला राहा म्हणा की." ते वूफरची वायर पुसत होते. "तिला काय कमी हाय?" ते म्हणाले, "आवाज न्हाय म्हणाली, त्यो बी आणला." तेव्हा मला पहिल्यांदा उलगडा झाला की हा सगळा पसारा कोणासाठी मांडला होता. उलगडा झाला आणि मी आणखीच गोंधळले, कारण आईला हवा होता तो आवाज हा नव्हता हे मला जाणवत होतं, आणि कोणता हवा होता ते सांगता येत नव्हतं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. मुरगूडला नांगर, कुळव, विळे, खुरपी यांनी सोपा भरून जायचा. फ्लॅटमध्ये पुजायला काय होतं? आईनं मिक्सर धुतला, अण्णांची स्कूटर खाली जाऊन पुजली, माझी कंपासपेटी ठेवली आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायरलाही हळदीकुंकू लावून त्यावर झेंडूचं फूल ठेवलं. पूजेसाठी जागा करताना मी त्याचं रिकामं खोकं उचललं तर तळाशी एक माइक निघाला. काळा, वायर गुंडाळलेला, सेटबरोबर फुकट आलेला. मी तो अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं खोचून "हॅलो, हॅलो" केलं. सगळ्या स्पीकरमधून माझा आवाज आला आणि प्रत्येक हॅलोमागं आणखी चार हॅलो घुमले. ते घुमणं कमी करायचं बटण मला सापडेना.

अण्णा सोफ्यावरून बघत होते. "ह्यातनं बोललेलं कुठं कुठं जातंय?"

"सगळीकडं."

"सैपाकघरात बी?"

"हो की."

ते सोफ्यावर सरसावून बसले. मग म्हणाले, "जा, साठे सरांस्नी परसाद दिऊन ये. सावकाश ये."

मी ताटली घेऊन जिना उतरले. साठे सरांनी दार उघडलं, मी प्रसाद पुढं केला, आणि तेवढ्यात वरून अण्णांचा आवाज आला. जिन्यात, भिंतींत, सगळीकडं. "हॅलो." मग खाकरणं, ते खाकरणंही चार वेळा घुमलं. "हॅलो. ऐकलं काय." मग बराच वेळ नुसता श्वास. "मुरगूडला... जायाचंच हाय काय... हाय काय... हाय काय..." साठे सर प्रसादासाठी पुढं केलेला हात तसाच धरून वर बघत राहिले. "वडील भाषणाची तयारी करताहेत का?" त्यांनी विचारलं. मी ताटली घेऊनच वर पळाले.

दार उघडंच होतं. अण्णा सोफ्याच्या कडेला बसले होते, माइक दोन्ही हातांत धरून, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. आतून भाकरी थापण्याचा आवाज येत नव्हता. मी बोळेत जाऊन उभी राहिले. तिथून दोन्हीकडचं दिसायचं. आई परातीपुढं बसली होती, हात पिठाचे, नजर वर बरण्यांवरच्या त्या स्पीकरकडं. आणि मग तिनं, माझ्या आठवणीत पहिल्यांदा, कोणाचंही नाव न घेता, मधे कोणाला न घालता, सरळ हॉलपर्यंत पोहोचेल असा आवाज काढला.

"तोंडानं सांगा की! तारेतनं कशापायी?"

अण्णांनी माइक सोफ्यावर ठेवला. ते उठले, बोळेतून माझ्या शेजारून गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. आत पाऊल टाकेनात. मागं वळून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि सवयीनं त्यांच्या तोंडातून आलं, "वैजे, आईला सांग..."

"तिला न्हाय," आई म्हणाली. "मी हितं बसलेय की. मला सांगा."

अण्णांचा हात चौकटीवर होता. त्यांना काय सांगायचं होतं ते मला माहीत होतं, मी ते अर्ध्या क्षणात आत पोचवलं असतं, आणि त्यांना तेच जमत नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि रडू कशाचं येत होतं ते कळत नव्हतं.

"जाऊ नगंस," अण्णा म्हणाले. मग खाली बघत, "मला करमायचं न्हाय."

आई परातीतलं पीठ बोटानं गोळा करत होती. "मला तरी कुठं करमतंय," ती म्हणाली. "सकाळधरनं पोरगी येस्तवर ह्या घरात मला कोन हाक मारतंय? म्हणून निगाले हुते." मग पिठाचा हात तिनं फरशीकडं केला. "बसा तितं. गरम भाकरी हाय, खावा. आनि खाताना बोला कायतरी."

अण्णा उंबरा ओलांडून आत गेले आणि फरशीवर भिंतीला टेकून बसले. "काय बोलू?" त्यांनी विचारलं. "हापिसात काय झालं ते सांगा," आई म्हणाली. अण्णा सांगायला लागले, अडखळत, कोणीतरी रजेवर होता आणि त्याचं काम यांच्याकडं आलं होतं असलं काहीतरी. आई मधेच काही विचारायची, ते उत्तर द्यायचे. मी प्रसादाची ताटली हातात घेऊन बोळेत उभीच होते. कोणीतरी "वैजे" म्हणेल, मला काही सांगायला सांगेल, म्हणून मी वाट बघत होते. कोणी हाक मारली नाही. मग मी हॉलमध्ये जाऊन अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि सोफ्यावर बसले. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि त्यातलं काहीही मला कोणाला जाऊन सांगायचं नव्हतं.